उजव्या बाजूची साइडकार

"ऐकून राहिला ना?"

दर दोन वाक्यांनंतर आमचे ओव्हरसियरकाका हा प्रश्न विचारायचे. समोरचा ऐकत असो, जांभई देत असो की उठून चपला शोधत असो, प्रश्न ठरलेला. आवाज तर असा की घमापूरच्या आमच्या गल्लीत त्यांनी चहा मागितला की शेजारच्या घरातही आधण चढायचं. जन्मभर खडी टाकणाऱ्या टोळ्यांना हाका मारून त्यांचा घसा तसा झाला असावा, असं मी समजत होतो.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. पहिले आठ दिवस त्याचा त्रास होतो आणि मग तो गावाला गेला की घरात करमत नाही.

मी वर्ध्याहून इथल्या, हिंदी मुलखातल्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा मध्यप्रांताचे दिवस होते. लढाई नुकती संपली होती, पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं. काकांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. काका सरकारी रस्त्यांचे ओव्हरसियर. जिल्ह्यात कुठे रस्त्याखालची मोरी खचली, कुठे मुरूम टाकायचा, ते पाहायला त्यांचा सारखा दौरा चाले. त्यासाठी त्यांच्याजवळ एक दणकट विलायती मोटारसायकल होती. दौऱ्यावरून यायचे ते भुवयांसकट पांढरे होऊन. हातपाय धुतले की थेट स्वयंपाकघरात जाऊन काकूंजवळ बसायचे आणि सगळा दौरा पहिल्यापासून सांगायचे. कोणत्या पुलाला भेग पडली, डाक बंगल्याच्या खानसाम्यानं डाळीत किती तिखट टाकलं, वाटेत कोणतं झाड पडलं. भिंत पातळ होती, त्यामुळे मलाही सगळं फुकटात कळायचं. मधूनमधून "ऐकून राहिली ना?" आणि त्यावर काकूंचा बारीक आवाज, "ऐकून राहिले."

"माझे सगळे रस्ते तिनं ऐकले आहेत, मास्तर," एकदा काका मला म्हणाले, "पाहिला एकही नाही."

हे म्हणताना ते हसले, पण ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली होती. पेन्शन दारात येऊन उभी होती. ती झाली की दौऱ्याचं पेट्रोल बंद आणि रस्ते दुसऱ्याचे. एक हिवाळा काय तो हाताशी उरला होता. त्या हिवाळ्यात काकूंना आपले रस्ते दाखवायचे, निदान मंडल्यापर्यंतचा तरी, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नऊवारी नेसून मागच्या सीटवर बसायला काकू तयार नव्हत्या. "मी काय तांदळाचं पोतं आहे, मागे बांधून न्यायला?" मी बसचं सुचवलं, तर काका माझ्यावरच उखडले. "बस काय मोरीपाशी थांबते? आणि बसमध्ये मी बोलू कसा? लोकं उतरवून देतील मला!"

मग साइडकार घ्यायची ठरली.

कलकत्त्याहून चित्रांचं एक पुस्तक मागवलं. ओट्यावर संध्याकाळी त्याचं वाचन सुरू झालं. होडीसारखी, पेटीसारखी, काचेच्या पडद्याची, कापडी टपाची. ज्यांनी आयुष्यात सायकल चालवली नव्हती तेही मत देऊन जात. काकूंनी मात्र आपल्या अटी दारातूनच सांगून टाकल्या. पाय लांब करता आले पाहिजेत, डब्याला जागा पाहिजे, आणि दार पाहिजे. "मी तंगडी टाकून चढणार नाही, सांगून ठेवते."

नशीब असं की छावणीतला एक गोरा साहेब बायकोसह मायदेशी निघाला होता आणि त्याला त्याची साइडकार विकायची होती. वेताची विणलेली, आत निळी गादी, पायांपाशी डब्याला हवी तेवढी जागा, आणि बाजूला छोटंसं दार, त्याला पितळी कडी. काकूंच्या अटी ऐकूनच कुणी विणली असावी अशी. साहेबानं दोन दिवस वापरून बघायला दिली. घमापूरच्या मोटारमिस्त्रीनं ती गाडीच्या डाव्या बाजूला जोडली, कारण आपल्याकडे साइडकार डावीकडेच असते. रस्त्याची कड डावीकडे, बसणाऱ्याला उतरायला बरं.

सकाळी सगळी गल्ली जमली. काकू मोरपंखी लुगडं नेसून आल्या, कडी काढली, बसल्या, कडी लावली. मंडळी नदीवरच्या ग्वारीघाटाला निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत काकांचा आवाज ऐकू येत होता.

दुपारी परत आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "छान आहे. गादी मऊ आहे." आणि आत निघून गेल्या. काका गाडीजवळच उभे. पितळी कडी नुसतीच उघडत होते, लावत होते.

"काय झालं, काका? पसंत नाही?"

"मास्तर, ग्वारीघाटापर्यंत बोलत गेलो मी. ती हसून राहिली होती, मान हलवून राहिली होती. मला वाटलं, चलो, जमलं. मग एका नाल्यापाशी मी म्हटलं, इथे आपला एक गडी पुरात वाहून गेला होता. त्यावरही ती हसली."

त्यांनी आपल्या उजव्या कानावर बोट ठेवलं. "तिचा हा कान गेला आहे. विषमज्वरात. लग्न होऊन दुसरंच वर्ष होतं. कोणाला सांगितलेलं तिला आवडत नाही, म्हणून मीही सांगत नाही. तू आता घरचाच झाला. घरात मी नेहमी तिच्या डाव्या बाजूला बसतो. आज गाडीत मी उजवीकडे होऊन गेलो ना!" आणि जरा थांबून, सवयीनं, "ऐकून राहिला ना?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या प्रश्नाचं मूळ घर कळलं. आवाज खडी टाकणाऱ्या टोळ्यांनी वाढवलेला नव्हता. गल्लीतल्या बायका काकूंना गर्विष्ठ समजत, पाठीमागून हाक मारली तर वळून बघत नाही म्हणत. काकू ते नाव मुकाट्यानं घेत होत्या, पण बहिरी म्हणवून घ्यायला तयार नव्हत्या. मला दोघांबद्दलही एकदम फार माया वाटली.

वेताची साइडकार परत गेली. काकूंनी कारण विचारलं तर काका म्हणाले, "वेत टिकत नाही."

आणि मग उजव्या बाजूच्या साइडकारचा शोध सुरू झाला. आपल्याकडे अशी वस्तू मिळायची कुठे? पण लढाईसाठी आलेलं अमेरिकन पलटणीचं सामान तेव्हा लिलावात निघत होतं, आणि त्यांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात. अशा एका ढिगात काकांना हवी ती सापडली. हिरवट रंगाची लोखंडी टोपलीच ती. दार नाही, गादी नाही, डब्याला जागा नाही, एका कुशीला पोचा आलेला. काका तिच्याभोवती असे फिरत होते, जणू मुलीला स्थळ सांगून आलं आहे.

घमापूरचा मिस्त्री मात्र चक्रावला. "बाबूजी, ये तो उल्टी गाड़ी हो जाएगी। बैठने वाला बीच सड़क पे उतरेगा!"

"उल्टी ही चाहिए, भैया। सुन रहे हो ना?"

गल्लीला मात्र काहीतरी कारण हवं होतं. आमच्या गल्लीतले गुरुजी पहिल्याच दिवशी ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "असं कसं? पत्नी उजवीकडे बसते ती पूजेला, होमाला. प्रवासात तिची जागा डावीकडे. काहून शास्त्र मोडून राहिले तुम्ही?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं कारण सांगायचं नव्हतं आणि गुरुजी उठायला तयार नव्हते. "गुरुजी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मंडल्याला काय आहे? नर्मदामाईच ना? मग हा प्रवास कसा? हे धर्मकार्य आहे."

गुरुजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी ही गोष्ट थेट बाजारातल्या कमानिया गेटपर्यंत पोचवली. ज्या माणसाला सत्यनारायणाच्या कथेत डुलकी लागायची, तो बघता बघता मोठा धर्मनिष्ठ ठरला. बायका येऊन त्या लोखंडी टोपलीला हळदकुंकू लावून गेल्या. पलीकडच्या घरातले पोस्टातले बाबू तर बाजारात जाताना बायकोला उजवीकडून चालवू लागले आणि ती बिचारी दर वेळी टांग्याखाली येता येता वाचू लागली. मी हसू दाबून दाबून हैराण झालो होतो, आणि काका निर्विकार.

काकू गाडी बघायला बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "दार कुठे आहे?"

दार नव्हतंच. मिस्त्रीनं बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पेटीची एक पायरी करून दिली होती. काकूंनी ओठ आवळले, पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बसल्या. काकांनी इंजिन सुरू केलं. मग डावीकडून त्यांच्याकडे वाकून काहीतरी म्हणाले. काय ते मला कळलं नाही. काकू मात्र कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या.

"एवढं ओरडू नका," त्या म्हणाल्या. "ऐकू येऊन राहिलं मला."

काका माझ्याकडे वळले. भर गल्लीत त्यांनी मला सलाम ठोकला आणि गिअर टाकला.

मंडल्याच्या रस्त्यानं ती दोघं निघाली आणि त्या दौऱ्याची हकिकत मला चार दिवसांनी मिळाली, पण या वेळी काकूंकडून. उतार आला की काका इंजिन बंद करायचे. पेट्रोलही वाचायचं आणि बोलायलाही बरं. समोरून येणारे बैलगाडीवाले ही उलटी गाडी पाहून बैल थांबवायचे. एकदा काकू भर रस्त्यात उतरल्या तेव्हा एका गाडीवानानं त्यांना हात जोडले, कोणीतरी मोठी बाई सरकारी पाहणीला आली समजून.

"बरेल्याच्या पुढे वळण येतं ना," काकू मला सांगत होत्या, "तिथे मी आधीच म्हटलं, आता डाव्या हाताला दोन कमानींची मोरी येईल. आली! मग म्हटलं, पुढे आंबा असेल, वीज पडून अर्धा जळालेला. तोही होता! सगळं जसंच्या तसं, मास्तर. यांनी एक शब्द खोटा नव्हता सांगितला."

काका कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. "मला तोंडच उघडू दिलं नाही," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "जाऊन येऊन हीच बोलत होती. मी बोलायला लागलो की म्हणे, माहीत आहे, पुढे चला." पण चेहरा पाहण्यासारखा होता. इतका सुखी माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

त्या हिवाळ्यात त्यांनी काकूंना सगळे रस्ते दाखवले. मग पेन्शन झाली. पुढे मीही घमापूर सोडलं, महाराजपूरकडे बिऱ्हाड केलं. मध्यप्रांत हे नावही पाठीमागे पडलं. आणि एका पावसाळ्याअखेरीला काका गेले, थोड्याशाच तापाचं निमित्त होऊन.

मोटारसायकल मिस्त्रीनंच घेतली. साइडकार मात्र कोणी घेईना. उजव्या बाजूची साइडकार कोणाच्या कामाची? ती अंगणातल्या जांभळाखाली राहिली. मी मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. काकू तिच्यातच बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. मी फाटकातून आलो तो त्यांच्या उजवीकडून, आणि हाक मारली. त्यांना कळलं नाही. सावली सुपावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हातानं खूण केली. "इकडे नाही, मास्तर. तिकडून ये."

मी वळसा घालून डावीकडे गेलो. जिथे मोटारसायकल असायची, तिथे जमिनीवर तेलाचा डाग अजून होता. त्यावरच उभा राहिलो.

"मंडल्याकडे गेला होता म्हणे," काकू म्हणाल्या. "सांग ना. रस्ता कसा आहे?"

मी सांगू लागलो. बरेल्याच्या पुढचं वळण आता सरळ केलं आहे. दोन कमानींची मोरी आहे तशीच आहे. आंबा तोडला. एवढं बोलून मी श्वास घ्यायला थांबलो. काकूंचे हात सुपावर थांबले होते, मान डावीकडे किंचित कललेली. मी काहीच विचारलं नव्हतं.

"ऐकून राहिले," त्या म्हणाल्या.