ताकभाताच्या आधी

अमेरिकेतल्या पहिल्या दोन वर्षांत आमच्या ओव्हनमध्ये काहीही भाजलं गेलं नाही. त्यात कढया राहायच्या. मोठी कढई, तिच्या पोटात मधली, मधलीत छोटी, वर पोळ्यांचा तवा आणि एक झारा. आमच्या ट्रॉय गावातल्या ज्या ज्या मराठी घरी आम्ही जायचो, तिथे ओव्हन म्हणजे शेगडीखालचं कपाटच असायचं. त्यामुळे कुणी ओव्हन वापरायला काढला की आधी पाच मिनिटं भांड्यांचा खणखणाट ऐकू यायचा, आणि तो ऐकला की समजायचं, आज या बाईच्या मनात काहीतरी मोठं आहे.

माझ्या मनात ते घातलं समोरच्या घरातल्या अमेरिकन आजींनी. तिसऱ्या हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या बर्फात नवऱ्याने त्यांच्या ड्राइव्हवेमधलं बर्फ उपसून दिलं. संध्याकाळी त्या टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत चॉकलेटचा गरम केक होता, आणि केकखाली दाट, काळाभोर, अजून बुडबुडणारा रस. मी आभार मानायच्या आधी त्यात अंडं आहे का ते विचारलं. माझं ते बोलणं आठवून आजही कान तापतात. त्या मात्र हसल्या. अंडं नाहीच, म्हणाल्या, त्यांची आई अंड्यांशिवायच करायची.

कृती त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून दाखवली. मैदा, बेकिंग पावडर, कोको, साखर, दूध, लोणी यांचं पीठ भांड्यात पसरायचं. त्यावर तपकिरी साखर आणि कोको भुरभुरायचा. मग त्यावर किटलीतलं उकळतं पाणी सरळ ओतायचं आणि ढवळायचं नाही. ही शेवटची पायरी माझ्यासारख्या बाईला फार जड गेली. ‘ढवळ, नाहीतर खाली लागेल’ हे ऐकत मी लहानाची मोठी झाले आहे. ते गढूळ पाणी तसंच ओव्हनमध्ये सरकवताना हात शिवशिवायचे. पण अर्ध्या-पाऊण तासाने केक वर यायचा, रस खाली जायचा, आणि घरभर असा वास सुटायचा की वरच्या मजल्यावरची माझी मुलगी न बोलावता खाली यायची.

त्या पदार्थाचा नखरा एकच. तो बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात खावा लागतो. त्यानंतर केक स्वतःच्याच पोटात सगळा रस ओढून घेतो आणि भांड्यात नुसता ओलसर गोळा उरतो.

आता अर्ध्या तासाची ही अट आणि आमचे नातेवाईक, यांचं कसं जमावं? नवऱ्याचे काका-काकू तीसेक वर्षांपूर्वी इथे आलेले. काका डॉक्टर, आता निवृत्त. ते दोघं, त्यांची मुलं-नातवंडं आणि आम्ही, असे दहा-बारा जण दर महिन्याला कुणा एकाकडे शनिवारी जेवायला जमायचो. बाराला या म्हटलं की दीडला यायचे. मग चहा, मग भजी, मग काकांचं पार्किंगवरचं भाषण, मग तीनला पानं. माझा केक तोवर सगळं पिऊन सुस्त झालेला असायचा. शिवाय जेवण झाल्यावर कुणाच्या पोटात जागा नसायची. काकू कौतुकाने चमचाभर घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘छान झालाय गं तुझा चॉकलेटचा शिरा.’ हे नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी हसून साजरं करायची आणि घरी येताना गाडीत नवऱ्याशी भांडायची, जणू काही त्यानेच सगळ्यांना उशिरा आणलं होतं.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात माझे बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. आदल्या हिवाळ्यात आई गेली होती. बाबा पहिल्यांदाच एकटे आले होते.

बाबांच्या जेवणाला नियम होते. आधी वरणभात, मग पोळी किंवा पुरी, गोड असेल तर ते पुरीबरोबर, मग मसालेभात, आणि शेवटी ताकभात. ताकभात झाला की जेवण संपलं. त्यानंतर साक्षात कुणी अमृत आणलं असतं तरी त्यांनी ते नाकारलं असतं. हे सगळं मला पाठ होतं. नवीन होतं ते त्यांचं मोजून जेवणं. दोन पोळ्या, मूठभर भात, आणि मी वाढायला वाकले की ताटावर आडवा हात. आमच्या घरी सणाला बाबा आईला मोठ्याने सांगायचे, ‘एक पुरी वाढ. फुगलेली.’ आई कढईपुढून मागे न बघता म्हणायची, ‘आहेत तेवढ्या सगळ्या फुगलेल्याच आहेत.’ दर सणाला हेच संभाषण, आणि त्याचा कंटाळा कुणालाच नव्हता. आता बाबा काही मागतच नव्हते. लेकीच्या घरी पाहुण्यासारखे जेवायचे, ‘छान झालं’ म्हणायचे, आणि स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवायचे. मला त्याचा राग यायचा, आणि रागाच्या खाली जे होतं त्याने रडू यायचं. परत जायच्या आत त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे ‘अजून वाढ’ म्हणून मागावं, एवढंच मला हवं होतं.

मी सगळी भिस्त त्या चॉकलेटवर ठेवली. त्याला कारण होतं. माझ्या वरणात बाबा आईचं वरण शोधायचे, माझ्या भाजीत आईची भाजी, आणि मी तिथे कमीच पडणार होते. चॉकलेट मात्र आईने जन्मात कधी केलं नव्हतं. तिथे माझी तुलना कुणाशीच नव्हती.

पण ते मी आणायची जेवणानंतर, कारण आजींनी तसं शिकवलं होतं. डिझर्ट जेवणानंतरच असतं. आणि बाबा म्हणायचे, ‘आता नको बेटा, ताकभात झाला.’ मी म्हणायची, ‘बाबा, हे वेगळं असतं.’ ते म्हणायचे, ‘असेल.’ दुपारी चहाबरोबर दिलं तर चहाबरोबर कुणी गोड खातं का, असं तोंड. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून सांगायची, ‘आजोबा, यू हॅव टू ईट इट हॉट.’ तिच्यासाठी ते चमचा ओठाला लावायचे आणि उरलेलं तिला भरवायचे. सहा महिने आमचं हे चाललं. मी माझं डिझर्ट ताकभाताच्या आधी आणणार नव्हते, आणि ते ताकभातानंतर खाणार नव्हते. मला हट्टीपणा कुणाकडून आला, हे नवऱ्याला विचारायची कधी गरज पडली नाही.

त्या वर्षी दिवाळी आठवड्याच्या मधोमध आली, म्हणजे आमची दिवाळी त्यानंतरच्या शनिवारी. पाळी आमच्याकडे होती आणि पुढच्याच आठवड्यात बाबांचं विमान होतं. वरणभात, पुरी-भाजी, मसालेभात, कढी मी करणार, श्रीखंड काकू आणणार. काकूंचं श्रीखंड म्हणजे आमच्या दिवाळीचा गाभा. माझं चॉकलेट नेहमीप्रमाणे नंतर, ज्याला हवं त्याला.

सकाळी काकूंचा फोन आला. ‘दुपारनंतर आइस पडणार म्हणतायत. आम्ही शार्प बाराला येतो, आणि अडीचला निघतो. सगळ्यांना तसं सांगितलंय.’ इतक्या वर्षांत ‘शार्प’ हा शब्द आमच्या घराण्यात कुणी वापरला नव्हता. मी गडबडीने कढया ओव्हनमधून बाहेर काढल्या, पीठ भिजवलं, किटली लावली. पावणेबाराला काकांची गाडी दारात वळलेली पाहिली आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. हिशोब असा होता की पानं लगेच घेऊ, आणि जेवणं उरकतील तेव्हा केक बाहेर येईल. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर वाढला जाणार होता.

पानं घेतली. स्टीलची ताटं, डावीकडे मीठ-लिंबू-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आणि श्रीखंडासाठी प्रत्येक ताटात रिकामी वाटी. नवरा मेक्सिकन दुकानातून आणलेल्या टॉर्टियाच्या प्रेसमध्ये पुऱ्या दाबून देत होता. बाबा आणि काका टेबलाशी बसले. काकूंनी श्रीखंडाचा म्हणून आणलेला दह्याचा मोठा पांढरा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण हातात धरूनच काकांकडे वळल्या.

‘हे काय आणलंत?’ त्यांनी काकांना विचारलं.

‘तू सांगितलंस ते. गराजच्या फ्रिजमधला दह्याचा डबा.’

डब्यात इडलीचं पीठ होतं. चांगलं आंबलेलं, वर जाळी आलेलं.

यात काकांची काही चूक होती असं मी तेव्हाही म्हटलं नाही. काकूंच्या गराजमधल्या फ्रिजमध्ये दह्याचे तसे सहा डबे एका रांगेत असायचे. एकात आमटी, एकात डोशाचं पीठ, एकात भिजवलेले छोले, आणि क्वचित एखाद्यात दही. आम्ही कुणीच डबा फेकत नाही आणि कुणीच त्यावर आत काय आहे ते लिहीत नाही. आमच्या प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये हाच प्रकार, तेव्हा हसायचा अधिकार कुणालाच नव्हता. तरी सगळे हसले.

‘मी जाऊन घेऊन येतो. पंचवीस मिनिटं लागतील,’ काका किल्ली शोधायला लागले.

‘जाऊन-येऊन तासभर. बाहेर आता भुरभुर सुरू झालीय. तुम्ही बसा,’ काकू म्हणाल्या. पण त्यांचं तोंड उतरलं होतं. दिवाळीचं ताट, आणि वाटी रिकामी. बाबांनी तर हात मागे घेतला होता. पानात गोड वाढल्याशिवाय ते सणाचं जेवण सुरू करत नसत, आणि दुसऱ्याच्या घरी हे बोलूनही दाखवत नसत. ते नुसते वाटीकडे बघत बसले होते.

तेवढ्यात ओव्हनचा गजर वाजला.

मी भांडं काढून ओट्यावर ठेवलं. रस कडेने बुडबुडत होता. माझ्या डोक्यात अजूनही तेच चाललं होतं, की हे आता अर्ध्या तासात बसणार, पुन्हा शिरा होणार, पुन्हा तेच. काकूंनी मात्र भांड्याकडे पाहिलं, रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं, आणि माझ्या हातातला डाव घेतला.

‘काकू, ते नंतरचं आहे,’ मी म्हणाले.

‘नंतर कशाला? आज हेच पक्वान्न.’ आणि त्यांनी पहिला डाव बाबांच्या वाटीत रिकामा केला. वर केकचा तुकडा, खाली वाटीभर रस. मग काकांच्या, मग सगळ्यांच्या. मला अडवायलाही वेळ मिळाला नाही. आणि खरं सांगायचं तर तेल तापलं होतं. मी कढईकडे वळले.

माझी पाठ टेबलाकडे होती, पण शेगडीवरच्या मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत मला सगळे दिसत होते. बाबांनी वरणभात संपवला. मग पुरी तोडली, घासाची वाटी केली, बासुंदीत बुडवावी तशी त्या काळ्या रसात बुडवली आणि तोंडात टाकली. काका चमचा शोधत होते, ते थांबून बघायला लागले. मग त्यांनीही पुरी तोडली. माझी मुलगी किंचाळायच्या बेतात होती, पण आजोबांचा चेहरा बघून तीही पुरीला लागली. खारट, तळलेली पुरी आणि गरम कडसर चॉकलेट. मला हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आजींनाही सुचलं नसतं.

‘बेटा.’

मी वळले. बाबांच्या ताटावर आडवा हात नव्हता.

‘एक पुरी वाढ. फुगलेली.’

काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या तोंडातून आपोआप आलं. ‘आहेत तेवढ्या सगळ्या फुगलेल्याच आहेत.’

हे साफ खोटं होतं. चाळणीत निम्म्या पुऱ्या चपट्या पडल्या होत्या. मी कढईतली नुकतीच टम्म झालेली पुरी झाऱ्यानेच त्यांच्या ताटात सोडली. बाबांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही, आणि मी ते कांद्यावर किंवा धुरावर ढकललं नाही. मी इतकी आनंदात होते की मला कुठे बघावं ते कळेना. मग नवरा म्हणाला की तेल जळतंय.

बाबांनी चार पुऱ्या खाल्ल्या. वाटी दोनदा भरून घेतली. काका जायची घाई विसरले आणि काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं की हे श्रीखंडाइतकंच चांगलं आहे, जे त्यांच्याकडून फारच मोठं होतं. भांड्यातला रस पहिल्यांदाच केकऐवजी माणसांनी संपवला आणि एका कोपऱ्यात केकचा तुकडा तेवढा राहिला.

मग बाबांनी ताकभात घेतला. शांतपणे, नेहमीसारखा, शेवटच्या शितापर्यंत. मी सोकावले होते. तो उरलेला तुकडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

‘आता नको. ताकभात झाला,’ ते म्हणाले. ‘उद्या जेवणात वाढ.’

‘उद्या त्याचा शिरा होईल, बाबा.’

‘मग शिरा वाढ.’

सगळे निघून गेल्यावर मी काकूंचं इडलीचं पीठ आमच्या पातेल्यात काढलं, तो डबा धुतला आणि तुकडा त्यात ठेवला. मग ड्रॉवरमधला मार्कर शोधला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘बाबांचं’.