कठड्यापाशी

पुण्याच्या रेसकोर्सवर मी कितीतरी वर्षांनी गेलो होतो. रविवारची दुपार असूनही स्टँड जवळजवळ रिकामा होता. शर्यत आता बहुतेक जण मोबाइलवरच बघतात. कठड्यापाशी एक वृद्ध गृहस्थ एकटेच उभे होते. मी शेजारी गेलो, तसे ते सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली. एवढ्या मोकळ्या कठड्यावर त्याची काहीच गरज नव्हती.

“नेहमी येता?” मी विचारलं.

“एकही रविवार चुकवत नाही. पूर्वी आम्ही सहा मित्र यायचो. आता मीच उरलोय.”

घोडे वळणावरून आले. पायांखालची जमीन थरथरली आणि त्या गृहस्थांनी नकळत माझा दंड धरला. घोडे निघून गेले तरी हात तसाच होता. मग ओशाळून म्हणाले, “सवय हो जुनी. घोडे मोबाइलवरही दिसतात, पण शेजारी कोण असतं?”

कुणाच्या तरी सोबतीनं श्वास रोखता यावा, एवढ्यासाठीच माणूस इतक्या लांब येत असावा.

निघताना त्यांनी विचारलं, “पुढच्या रविवारी याल?”

“येतो की,” मी म्हणालो.

पण गेलो नाही. रविवारी घरीच मोबाइलवर शर्यत बघतो. कोण जिंकलं ते कळतच नाही. घोड्यांच्या मागे दिसणाऱ्या कठड्यावर मी त्यांनाच शोधत असतो.