तोंडातून उडणारं धुकं

माझं माहेर नेरकडचं. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन एवढ्या लांब पुसदला आले आणि पोरगी चार महिन्यांची असताना दातांच्या दवाखान्यात मदतीला लागले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शिक्षण विचारलं नाही. तरी काही चुकलं तर काम जाईल, ही धाकधूक रोजचीच.

एप्रिलच्या दुपारी फुलसावंगीचे एक काका दात साफ करायला आले. खुर्चीत टेकताच म्हणाले, "पोरी, कूलर कर ना इकडे. खुर्ची आहे का तवा?" मला दया आली. पायाकडून कूलर त्यांच्यावर वळवला. औषधाच्या पाण्याने त्यांनी चूळ भरली. आम्ही दोघींनी मास्क लावले. मॅडमनी मशीन सुरू केलं, मी काकांच्या तोंडातलं पाणी ओढणारी जाड नळी धरली.

खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. त्या तिरिपेत मला धुकं दिसलं. मशीन दाताला टेकलं की पिठाहून बारीक थेंब उठत, लखलखत वर चढत. इतके दिवस मी यातच उभी होते आणि मला दिसलं नव्हतं! नजर हटेना. मग ध्यानात आलं, कूलरचा वारा ते सारं थुंकी-जंतूंसकट उचलून मॅडमच्या नि माझ्या तोंडावर आणतोय. घरी अंगावर पिणारी पोर. न विचारता मी कूलर बंद केला.

मॅडमनी मशीन थांबवलं. "काहून बंद केला?"

"मॅडम, आमचे बाबा कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारा मारतानी वारा पाठीवर घेत. अथी तं सारं आपल्याच तोंडावर येऊन राह्यलं."

काका पाणी थुंकून म्हणाले, "मंग मी काय पऱ्हाटी आहो का?"

मॅडमनी तिरिपेकडे पाहिलं. "बरोबर आहे तुझं. नळी अजून जवळ धर."

मी ती पार ओठाशी नेली. मशीन सुरू झालं आणि धुकं वाकलं. हवेतल्या हवेत वळून नळीत शिरू लागलं. सगळं नाही, थोडं निसटलंच. पण माझ्या हाताच्या एवढ्याशा हालचालीने!

काका गेल्यावर मॅडमनी खिडक्या उघडल्या, बाहेर हवा फेकणारा पंखा लावला आणि पुढच्या पेशंटला बाहेरच थांबवलं. मी धीर करून विचारलं, "मॅडम, पोरीले पाजू ना मी?"

त्या हसल्या नाहीत. "मास्क होता ना तोंडाले? घरी गेल्यावर आंघोळ कर, कपडे बदल, अन् खुशाल पाज."

न्हाऊन, धुतलेली साडी नेसून मी पोरीला जवळ घेतलं. उशीर झाल्याने ती इतकी चिडली होती, की दोन्ही मुठींनी मला मारत मारतच प्यायला लागली.