पस्तीस फुटांखालचे चपटे

वावटळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी वडिलांनी वैतागून ते ठेवलं, धाकट्या बहिणीने उचललं, बहिणीच्या मुलीने त्याचं ‘वावटळमावशी’ केलं, आणि कामावरच्यांना कुठून कळलं देव जाणे, त्यांनीही तेच चालू ठेवलं. नाव चपखल होतं. जेवता जेवता ती तीनदा उठायची. वर्तमानपत्र उभ्याने वाचायची. खुर्चीत बसलीच तर एक पाय असा हलत राहायचा की शेजारच्या टेबलावरचे पेले किणकिणायचे.

सत्तावीस वर्षं तिने रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतले. कानाला हेडफोन, समोर तीन पडदे. “पत्ता सांगा. श्वास चालू आहे? दार उघडून ठेवा.” गाडी दारात पोचली की हा फोन ठेवायचा, पुढचा उचलायचा. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे कळायची सोय नव्हती. सुरुवातीला तिने एकदोनदा चौकशी करून पाहिली. तेव्हाचे साहेब म्हणाले, “बाई, असं विचारत बसलात तर वेड लागेल.” तिने विचारणं सोडलं. वेड काही लागलं नाही, पण स्वस्थता गेली ती गेलीच.

निवृत्तीनंतर दीड महिन्यात तिने कपाटं चारदा लावली, सगळ्या नळांचे वॉशर बदलले, आणि स्वयंपाकघरातले डबे असे काही रचले की बहिणीला मीठ सापडेना. दोघी एकाच घरात राहत. बहीण विधवा, हिने लग्नच केलं नव्हतं.

“ताई,” बहीण मिठाच्या शोधात स्टुलावर चढून म्हणाली, “एक तर तू घराबाहेर पड, नाहीतर मी पडते.”

जिन्याखाली भाचीच्या नवऱ्याची कयाक धूळ खात पडली होती. एका माणसाची, अरुंद, पिवळी, प्लास्टिकची होडी. त्याची परगावी बदली झाली आणि कयाक तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी वावटळीने ती धुतली, दोन चाकांच्या गाड्यावर बांधली आणि दहा मिनिटांवरच्या तळ्याकडे ओढत नेली. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

गळ टाकायला तिला शिंपीकाकांनी शिकवलं. डोळ्यांनी दगा दिल्यावर शिलाईचं मशीन विकून ते लाकडी धक्क्याच्या टोकाला घडीच्या स्टुलावर बसत, सकाळी सात ते अकरा. बोटं अजून शिंप्याचीच होती; गळाच्या दोरीची, तंगुसाची, गाठ ते न बघता मारायचे. त्या तळ्यात तळहाताएवढे चपटे मासे होते, एका तव्यात चार मावतील असे. सगळे त्यांना नुसतं ‘चपटे’ म्हणत. उन्हाळाभर ते काठच्या गवतात सापडले. वावटळीला ते पकडण्याची चटक लागली, खाण्याची नाही. पकडायचे आणि सोडून द्यायचे.

थंडी पडली आणि चपटे गायब झाले.

“खोल गेले,” शिंपीकाका म्हणाले. “आता माझ्या गळाच्या आवाक्यात नाहीत. वसंतात येतील.”

“म्हणजे चार महिने?”

“मासे आहेत ते, ताई. तुमच्या सोयीने थोडेच येणार!”

चार महिने थांबणं वावटळीच्या कुंडलीतच नव्हतं. तिने सोनार मागवलं. पाण्यात आवाज सोडायचा, खालून परत आलेल्या आवाजावरून तळाचं चित्र काढायचं, असं ते वहीएवढ्या पडद्याचं यंत्र.

“सोनार आणला?” बहीण खोकं बघत म्हणाली. “बरं झालं. माझ्या बांगड्या जरा ढिल्या झाल्यात.”

“माशांचा सोनार आहे गं.”

“मग माशांना काय, नथ घालणार आहेस?”

वावटळीला हसायला वेळ नव्हता. बॅटरी जेवणाच्या डब्यात बसवली, आवाज सोडणारी डबी एका दांड्याला बांधून कयाकच्या कडेने पाण्यात उतरेल अशी सोय केली, आणि निघाली.

पहिल्या पाच फेऱ्या वाया गेल्या. पडद्यावर तळ दिसे: मऊ चिखल म्हणजे फिकट पट्टा, खडक म्हणजे जाड, ठळक. कधी एखादी कमान उमटे, म्हणजे एकटा मासा. ती जागा गाठून गळ सोडेपर्यंत वारा कयाकला वीस हात बाजूला नेई. ती वल्ही मारी, परत येई, परत वाहून जाई. एका जागी दोन मिनिटं दम धरवत नसे. दुसरीकडे नक्की असतील असं वाटे, आणि दुसरीकडे गेलं की पहिली जागा सोडल्याचा पस्तावा. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आतही पडदा सरकत राही.

“तुम्ही मासे शोधत नाही, मागे लागता त्यांच्या,” शिंपीकाका म्हणाले. “एक रिकामी बाटली घ्या. दोरी बांधा, दोरीला वजन. मासे दिसले की टाकून द्या पाण्यात. निदान जागा तरी पळणार नाही.”

सहाव्या फेरीला, तळ्याच्या मध्यावर, खडकाची एक लांब जीभ जिथे संपून तळ एकदम खचतो तिथे, पडदा भरून गेला. पस्तीस फुटांवर, तळापासून हातभर वर, एकाखाली एक जाड रेघा. कमानी नव्हेत, रेघा. म्हणजे मासे हलत नव्हते, नुसते तरंगत होते. तिने बाटली टाकली. घाईघाईत शिशाचा इवलासा गळ दोनदा बोटाला लागला.

गळ खाली निघाला. पडद्यावर त्याची बारीक तिरकी रेघ उतरताना दिसत होती. तीस फुटांवर तिने तो थांबवला. खालच्या झुंडीतून एक रेघ सुटली, वर आली, गळाच्या रेघेला भिडली, आणि हातात दोरी ताणली गेली.

त्यानंतर तिला भान राहिलं नाही. वर ओढायचा, गळ सोडवायचा, डाव्या हाताने मासा पाण्यात टाकायचा, उजव्या हाताने गळ पुन्हा खाली. नजर पडद्यावरून हलत नव्हती. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. कितीतरी वर्षांनी तिचा पाय हलायचा थांबला होता, हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही. एकतीस मासे झाले.

वारा वाढला तेव्हा तिने मान वर केली. वाऱ्याच्या दिशेने, बाटलीपासून लांबवर, पाण्यावर पांढरं काहीतरी विखुरलं होतं. कुणी कागद फेकले असतील असं वाटून ती जवळ गेली.

तिचेच मासे होते. कुशीवर पडलेले, डोळे बाहेर आलेले, पोटं टम्म फुगलेली. एक जण अजून शेपटी मारत खाली जायला बघत होता आणि बुचासारखा वर येत होता. तिने त्याला मुठीत धरून कोपरापर्यंत पाण्यात दाबलं, सोडलं. तो वर आला. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आला.

“जा ना रे,” ती म्हणाली. “जा ना.”

मग तिने एकेक करून ते गोळा केले. वारा अंगावर, लाटा कयाकच्या कडेवरून आत, बोटं बधिर. अठ्ठावीस मिळाले. तीन सापडेनात म्हणून ती दीड तास फिरत राहिली, शेवटी ओठ निळे पडल्यावर परतली.

शिंपीकाका आवराआवर करत होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“मी सोडले होते,” वावटळ म्हणाली. “सगळे सोडले होते हो मी.”

“इतक्या खोलातून वर ओढला की पोटातली हवा फुगते त्यांच्या. मग बुडता येत नाही.” त्यांनी मान खाली घातली. “चुकलं माझं. सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला सापडायचेच नाहीत.”

घरी बहिणीने एकही टोमणा मारला नाही. पाटावर वर्तमानपत्र पसरलं, दुसरी सुरी काढली आणि समोर बसली. दोघींनी अठ्ठावीस मासे साफ केले.

“सत्तावीस वर्षं मी फोन ठेवत आले,” वावटळ मध्येच म्हणाली. “पुढे काय झालं ते एकदाही बघितलं नाही. आज बघितलं.”

“ताई, ते मासे आहेत.”

“माहीत आहे गं मला.” सुरी थांबली नव्हती. “पण त्या माणसांतले किती गेले असतील?”

“आणि किती राहिले असतील?” बहीण म्हणाली. “तेही तुला माहीत नाही. दे इकडे ते भांडं.”

तळलेले मासे जिन्यावरच्या चारही घरांत गेले.

अकरा दिवस कयाक जिन्याखालून हलली नाही. डब्यांची जागा दोनदा बदलली. बाराव्या दिवशी मीठ पुन्हा हरवलं, तेव्हा बहिणीनेच गाड्याचे पट्टे काढून दारात ठेवले. “मला आठ मासे हवेत,” ती म्हणाली. “चार आपल्याला, दोन शिंपीकाकांना, दोन समोरच्या म्हातारीला. नववा आणलास तर घरात घेणार नाही.”

ती गेली. खडकाच्या टोकापाशी रेघा अजून होत्या. चाळीस मिनिटांत आठ झाले, ओल्या गोणपाटात गुंडाळून झाले. पडद्यावर नववा गळाच्या दिशेने वर चढत होता, सरळ, ठाम. तिचा हात शिवशिवला. तिने दात आवळून दोरी गुंडाळली, भरभर, तो पोचायच्या आत. गळ निघून गेलेल्या जागेशी तो मासा जरा घुटमळला आणि हळूहळू खाली गेला. त्याची रेघ झुंडीत मिसळेपर्यंत ती बघत होती.

दिवस अजून बराच शिल्लक होता. पाय हलायला लागला होता. धक्क्यावरून शिंपीकाका हात करून बोलावत होते, बहुधा चहा आला असावा. तिने त्यांना हात केला, आणि तळ्याची पलीकडची बाजू अजून पाहिलीच नव्हती म्हणून वल्हं तिकडे वळवलं.