नाही म्हणायचा पाठ

मी फटकळ आहे, हे आमच्या भागातल्या सगळ्या शाळांना ठाऊक आहे. त्यामुळे सायखेड्याजवळच्या आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला आणि मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, याला हाताखाली घ्या, तयार करा," तेव्हा बाकीचे गालातल्या गालात हसले. पोरगा नांदगावकडचा, पहिलीच नोकरी, अगदी गरीब गाय. तिसरीची खोली दुरुस्तीला काढलेली, म्हणून तिसरी-चौथी एकत्र बसवून आम्हा दोघांना एकाच वर्गावर ठेवलं. मी मनात म्हटलं, झालं! एवढी पोरं सांभाळायची, त्यात हे आणखी एक.

पण शिकवण्याची जाण जात्याच होती हो त्याला. एकदा मी अपूर्णांक शिकवत होते. हा मागे पोरांमध्ये मांडी घालून बसलेला. हात वर करून मला म्हणतो, "मॅडम, दोनपेक्षा चार मोठे. म्हणजे एक छेद चार भाकरी अर्ध्या भाकरीपेक्षा मोठी ना?" मी डोळे वटारले. भर वर्गात हा काय बावळटपणा! तेवढ्यात, जी पोरगी कधी तोंडातून ब्र काढायची नाही, ती ताडकन उठली. "ओ सर, येडे का काय तुमी? चार वाटे केले तर तुकडा ल्हानच व्हनार ना!"

वर्ग खो खो हसला. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "असं व्हय!" आणि मान खाली घालून लिहायला लागला.

मग तीच आमची रीत झाली. मी शिकवायची, त्यानं चुकायचं, आणि सरांची चूक आधी कोण पकडतं म्हणून पोरं कान टवकारून बसायची. इतकी वर्षं खडू घासला, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. तो नुसता लाजला.

असा पोरगा, आणि मुख्याध्यापकांना त्याच्यात काय दिसलं? कॉम्प्युटर! रोज मोबाईलवर वरून फर्मान यायचं, अमुक माहिती तात्काळ भरा, तमुक लिंक आजच्या आज भरा. की मुख्याध्यापक आलेच आमच्या दारात. "सर, जरा येता का ऑफिसात?" हा लगेच उठायचा. दोन-तीनदा मी सोसलं. मग एकदा पदर खोचला आणि ऑफिसात गेले. म्हटलं, "माझ्या वर्गातून माणूस उचलायचा नाही. तुमची माहिती मी भरते." एका बोटानं बटणं शोधत मी ती भरलीही, शंभर चुका करून. तो दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, मीच बोललो असतो ना सरांशी."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तुझ्यानं व्हायचं नाही ते. तू वर्गावर जा."

तो गेला. नंतरही प्रत्येक वेळी मीच भांडले, आणि त्या भांडणांचा मला अभिमान वाटायचा, काय सांगू! पुढे त्याची घराजवळ बदली झाली. आईवडील एकटे होते, मीही आनंदानंच निरोप दिला. कुठेही गेला तरी नाव काढेल, असं सगळ्यांना सांगत सुटले.

परवा एका लग्नाला नांदगावला गेले. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून त्याची शाळा शोधत गेले. तो ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसलेला. शेजारच्या खोलीत नुसता गोंधळ. कोणाचा वर्ग म्हणून विचारलं, तर त्याचाच. तिथले मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, "सर म्हणजे आमचा आधार बघा. वर्ष होत आलं, पण कधी तोंडातून नाही म्हणून आलं नाही."

कुठून येणार? कपाळ माझं! ते 'नाही' त्यानं एकदा अडखळत, घाम पुसत, बोलणी खात का होईना, स्वतः म्हणायचं होतं. माझ्यासमोर, मी पाठीशी असताना म्हणायचं होतं. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "अरे, सांग ना त्यांना."

"सांगायला पाहिजे, मॅडम," तो म्हणाला. "पण जीभच उचलत नाही."

आतून हाक आली. "आलो सर," म्हणत तो गेला.

वर्गातला गोंधळ मला ऐकवेना. मी आत शिरले, फळा पुसला, खडू घेतला आणि शिकवायला लागले. पोरं हळूहळू शांत झाली. मुहूर्त टळून गेला, तरी माझा पाय निघेना. शेवटी पिशवी उचलली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमी उद्या पन येनार ना?"

मी काही बोलायच्या आत शेजारची तिला म्हणाली, "येतीन की गं. मंग सरांना हाफिसातून उठायचं कामच नाय."