जहैशमामाच्या बेटाखालचा विस्तव

बसऱ्याजवळच्या आमच्या दलदलीत पोर जगावं म्हणून त्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात. दृष्ट लागायला काही चांगलं हवं ना! मामाच्या आधी आजीची तीन मुलं गेली, म्हणून चौथ्याचं नाव तिने जहैश ठेवलं. जहैश म्हणजे गाढवाचं शिंगरू. उपाय भलताच लागू पडला. मामा बहात्तर वर्षांचा झाला तरी कुणाची दृष्ट लागली नाही. लागणार कशाला? त्याच्याकडे होत्या म्हशी, एक होडी आणि एक बेट.

हे बेट देवाने केलेलं नव्हे. देवाला तेवढा वेळ नसावा. उथळ पाण्यात बोरू, म्हणजे पोकळ दांड्याचं उंच गवत, कापून आडवा टाकायचा, त्यावर चिखल, त्यावर पुन्हा बोरू. दरवर्षी खालचे थर दबतात, म्हणून दरवर्षी वर नवा थर. मामाच्या आजोबांनी सुरुवात केली, बापाने वाढवलं, आणि मामाने बहात्तरातली पन्नास वर्षं त्याच कामात घालवली. राहायचं घर, म्हशींचा गोठा, पाहुण्यांची झोपडी, सगळं त्यावरच. एका वर्षाचा आळस केला की अंथरूण ओलं.

नव्वदच्या सुमारास सरकारने बांध घालून आमचं पाणी तोडलं. मामा बसऱ्याकडे वीटभट्टीवर राबायला गेला. तेरा वर्षांनी ते सरकार पडलं, लोकांनी फावड्यांनी बांध फोडले, आणि पाण्यामागोमाग परत येणारी पहिली होडी मामाची होती. बेटाच्या जागी उंचवटा उरला होता. त्याने बोरू कापला आणि जिथे काम थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं.

"त्या वेळी शिव्या घालायला एक माणूस तरी होता," मामा म्हणायचा. "आता कुणाला घालू? उन्हाला?"

कारण आता पाणी पुन्हा चाललं होतं, आणि या वेळी कुणीच नेत नव्हतं. वरचे देश म्हणतात पाऊस नाही. बगदादवाले म्हणतात वरच्यांची धरणं. टीव्हीवरचा माणूस टाय सारखा करत म्हणतो हवामान बदललंय. सगळे निर्दोष. उन्हाळा पन्नास अंशांवर गेला, उरलेलं पाणी आटून खारट झालं. आधी पाणकणीस मेलं. मग दोन पुरुष उंचीचा बोरू कमरेएवढा आणि पिवळा होऊन बसला. त्याच्या जागी खाऱ्या मातीतली झुडपं आली, ज्यांचा वास घेऊन म्हैस शिंकते आणि तोंड फिरवते. चाळीस म्हशींच्या नऊ झाल्या. खारं पाणी पिऊन एकीचे डोळे गेले.

मामाचा मुलगा बसऱ्याहून दर आठवड्याला फोन करायचा, की बाबा, आता या. मामाचं उत्तर ठरलेलं. "माझ्या बापाने मला हे बेट दिलंय. ते आहे तोवर मी इथून हलत नाही." हसनामामी पाठीमागून म्हणायची, "आणि माझं काय? मला काय बेटाबरोबर आंदण दिलंय?"

असं सगळं असताना पाहुणे आले. बगदादच्या डॉक्टर लुबना, आणि त्यांच्याबरोबर एक उंच, उन्हाने लाल झालेला परदेशी. मीच आणले त्यांना. पाणी होतं तिथवर होडीतून आणि पुढे भेगाळलेल्या चिखलावरून चालत. दलदलीची माती तपासायची होती म्हणे.

"हाजी, तुमच्या बेटात एक नळी घालू का?" लुबनाबाईंनी विचारलं.

"हाजी कसला, बाई! हजला जायला म्हशी रजा देत नाहीत. जहैश म्हणा. आणि घाला खुशाल. एवढा सुकलाय सगळा प्रदेश, एका भोकाने काय होणार?"

नळी वर आली. आत काळे, तपकिरी, पुन्हा काळे थर. परदेशी हरखून बोलू लागला, की निसर्गाने काय सुंदर थर लावलेत. लुबनाबाईंनी भाषांतर केलं. मामाने नळीतून एक विणलेला तुकडा उपसला.

"ही आमची चटई. आणि तिच्याखाली आजोबांच्या म्हशीचं शेण. निसर्गाला सलाम सांगा."

लुबनाबाई मनापासून हसल्या. मग त्यांनी समजावलं. झाडं हवेतला कार्बन पितात, म्हणजे धूर सोडला की हवेत जाऊन बसतो तोच. झाडं मेली आणि पाण्याखाली दबली, की कुजत नाहीत, तो कार्बन जमिनीत पुरला जातो. पाणी गेलं की माती श्वास घेऊ लागते, आणि शंभर वर्षांचं पुरलेलं पुन्हा हवेत निघतं. त्याने ऊन आणखी वाढतं.

"म्हणजे मी आणि माझ्या बापाने जन्मभर जगाचा धूर गाडला?"

"तसंच म्हणा."

"आणि जगाला आता कळलं?"

"आता कळलं."

"छान. मेल्या म्हशीला मणभर दूध," मामा म्हणाला, आणि कॉफी करायला उठला.

आमच्याकडे पाहुण्याने छोटा पेला हलवला की बस झालं असा अर्थ. नाही हलवला, तर यजमानाने ओतत राहायचं. यजमानाने थांबायचं नाही, आणि पाहुणा बसलाय तोवर विस्तव विझू द्यायचा नाही. लुबनाबाई आणि मी बाहेर आणखी एक भोक पाडत होतो. आत परदेशी कॉफी पीत होता आणि पेला हलवत नव्हता. त्याला वाटलं, नाही म्हटलं तर म्हातारा दुखावेल. म्हाताऱ्याला वाटलं, थांबलो तर घराण्याची अब्रू जाईल. अकरा पेले झाले. मामाने तीनदा शेणी घातल्या. मी आत आलो तेव्हा परदेश्याचे हात थरथरत होते आणि मामा अभिमानाने घामाघूम झाला होता.

विस्तव कसा विझवायचा, हे मामाला कधी शिकावंच लागलं नव्हतं. चुलीखाली एक वीत चिकणमाती, तिच्याखाली ओला बोरू. विस्तव आपोआप गप व्हायचा. त्या वर्षी मात्र चिकणमातीला बोटभर भेग पडली होती, आणि खालचा बोरू मामा परतल्यापासून पहिल्यांदा सुकला होता. आम्ही पाहुण्यांना पोचवायला गेलो. विस्तव भेगेतून खाली गेला.

चौथ्या दिवशी मामी अनवाणी गोठ्यात उभी राहून म्हणाली, "अहो, आज जमीन कोमट का?"

मामाने फावडं मारलं. दोन हात खोलीवर लाल निखारा. ज्वाला नाही, आवाज नाही. बेट आतून शांतपणे जळत होतं. बादल्या ओतल्या, तर तिथे वाफ आणि चार पावलांवर नवा धूर. लुबनाबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, चर खणा आणि चर भरून पाणी सोडा, दुसरा उपाय नाही.

सातव्या दिवशी शहरातून, सुक्या बाजूने ट्रॅक्टरवर, गोड्या पाण्याची टाकी आली. ती म्हशींसाठी यायची, आठवड्यातून एकदा. आम्ही चर खणून ठेवला होता. पाहुण्यांची झोपडी कलली होती. म्हशी कडेला, ताज्या चिखलाऐवजी कोरड्या ढेकळांवर उभ्या, दीड दिवस तहानलेल्या. आंधळीला पाण्याचा वास आला आणि ती ओरडायला लागली.

मी नळी चराकडे ओढली. "मामा, आधी आग! म्हशींना रात्रीपर्यंत काही होत नाही."

"पुढची टाकी?"

"आठवड्याने."

मामाने माझ्या हातातून नळी घेतली. बेटाकडे त्याने एकदाच पाहिलं. मला वाटलं, विचार करतोय. केव्हाच करून झाला होता. त्याने नळी हौदात सोडली, आंधळीचं डोकं धरून पाण्यावर आणलं, आणि बाकीच्या धक्काबुक्की करत आल्या. मी ओरडलो, अगदी नको ते बोललो. आजोबांचं नाव काढलं, बापाचं काढलं. मला मामाचा इतका राग कधी आला नव्हता.

तो म्हशीच्या कानामागे खाजवत राहिला. "ओरड, ओरड. बेट मी पुन्हा रचीन रे. म्हैस रचता येत नाही."

मामी घरातून गाठोडी बाहेर आणत होती. कुणीही तिला सांगितलं नव्हतं. मी पुढे होऊन नळी धरली. बेट पुन्हा रचणार ते कुठल्या पाण्यात, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.