हातपंपांचा चार्ज

सरकारी माहितीवर आमच्या थोरल्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस उभ्या छत्तीसगडात सापडायचा नाही. खुद्द सरकारचाही तिच्यावर एवढा जीव नाही. जन्मभर त्यांनी भिलाईच्या प्लांटमध्ये दर तासाला मीटर वाचून लॉगबुक भरलं. निवृत्त झाले, पण हाताची खाज गेली नाही. घरच्या फ्रिजवर दूध तापवल्याच्या वेळांचा तक्ता लागला. नवा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या आगमनाची वेळ टिपून त्याची सही घेतली. लॉगबुकात खाडाखोड करायची नाही, चुकलं तर आकड्यावर एकच रेघ ओढून शेजारी सही करायची, हा प्लांटचा नियम त्यांनी नातवंडांच्या अभ्यासालाही लावला होता.

खुर्सीपार वस्तीतल्या हातपंपांचं पाणी दर महिन्याला तपासलं जातं आणि निकाल सरकारी कार्यालयाच्या कपाटात जातात, हे त्यांना कळलं आणि माझ्यामागे साडेसाती लागली. "लोकाइचं पानी हाय, त निकाल लोकाइले कावून नाही दाखवत?" असं म्हणत ते अर्ज लिहीत आणि माझ्या स्कूटरवर मागे बसत. तीन वर्षं हे चाललं. कार्यालय थकलं नाही, साडू थकले नाहीत. थकलो तो मी. अखेर निकाल वेबसाइटवर आले, पण कसले, तर कागदांचे धूसर, आडवे फोटो. त्यातून कोणाला काही शोधता येईना. मग साडू मान वाकडी करून एकेक आकडा टाइप करत, कोणालाही वापरता येईल असा स्वच्छ तक्ता बनवत, पंपांवर चिकटवत आणि ओळखीच्या यच्चयावत माणसांना मोबाइलवर पाठवत. मोहन नगरातले त्यांचे व्याही प्रत्येक तक्त्याला 'शुभ प्रभात' असं उत्तर द्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात घात झाला. साडूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि टाइप करताना एक ओळ सरकली. चांगल्या पंपावर 'पिऊ नका' लागलं, आणि खराब पंपाचं पाणी लोक चार दिवस प्यायले. कळलं तेव्हा साडू भरल्या ताटावरून उठले. भर दुपारी त्यांनी गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं. मग पंपावरचा कागद न फाडता त्यावर एक रेघ ओढली आणि सर्वांसमोर सही केली.

पंपाशेजारी राहणाऱ्या मेश्रामबाई म्हणाल्या, "काका, चूक कावून सांगून राहिले? आमाले कुठं समजलं असतं?"

"म्हनूनच त सांगून राहिलो, बाई."

घरी आल्यावर त्यांनी तक्त्यांचं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. "साडभाऊ, डोये धोका देऊन राहिले. चार्ज तुमी घ्या. वाचून सही करा." नाही म्हणायचं मी तीन वर्षं ठरवत होतो. सही केली.

ऑपरेशन उशिरा झालं, नजर फारशी परतली नाही. आता मान माझी वाकडी होते, आणि खरं सांगतो, फार कंटाळा येतो. मागच्या महिन्यात मी दोन दिवस उशीर केला. कागद घेऊन गेलो तर मेश्रामबाई रिकामी बादली घेऊन दारात उभ्या. "दोन दिवस पल्याडच्या गल्लीतल्या नळाचं पानी आनलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कागद येऊ द्या."

हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला, ते लिवा." मी रजिस्टरात लिहिलं आणि सही केली. त्यांनी पान जवळ ओढलं आणि सही कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहिलं.